'प्लगइन समर्थित नाही' म्हणणाऱ्या मोबाईलसाठी एपीके शोधू नका

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळेच्या नावाने दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेले एक संकेतस्थळ आहे. त्यावर विज्ञान-भूगोलाची ॲनिमेशन आणि काही व्हिडिओ आहेत. पालकांच्या मोबाईलवर ते पान उघडले की चित्राच्या जागी राखाडी चौकोन येतो आणि त्यात 'हे प्लगइन समर्थित नाही' अशी ओळ दिसते. तालुक्याच्या दुकानात एका पालकाच्या फोनमध्ये 'फ्लॅश प्लेयर'ची एपीके (प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायची ॲपची फाइल) टाकून दिली, तरी फरक पडला नाही. शिवाय संध्याकाळी यूट्यूब गोल गोल फिरत राहते, आणि एक-दोन फोनवर व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही. तुम्ही विचारता की कोणते प्लगइन टाकायचे, आणि पालकांना नवा फोन घ्यायला सांगायचे का.

कोणतेही प्लगइन टाकायचे नाही. नव्या फोनचे म्हणाल तर बहुतेक घरांना त्याची गरज नसेल. कोणाला असेल ते शेवटी सांगतो. तुमच्या तिन्ही तक्रारी 'व्हिडिओ दिसत नाही' या एकाच वाक्यात येतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. राखाडी चौकोनाचा दोष पानात आहे. गोल फिरण्याचा दोष बहुधा नेटवर्कमध्ये आहे. चित्राविना आवाजाचा दोष फोनमध्ये किंवा व्हिडिओच्या फाइलमध्ये आहे. हे वेगळे केले नाही तर पानातल्या दोषापायी पालक दहा हजारांचा फोन घेतो आणि त्या नव्या फोनवरही तोच चौकोन दिसतो.

आधी प्लगइनचे बघू. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारा बाहेरच्या कंपनीचा प्रोग्राम. ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नव्हता त्या काळातली ही सोय: ॲडोबीचा फ्लॅश, मायक्रोसॉफ्टचा सिल्व्हरलाइट, जावाची ॲपलेट. संगणकावर ती चालली, मोबाईलवर कधी रुजली नाही. आयफोनवर फ्लॅश कधीच आला नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे दिली: बॅटरी खाणे, सुरक्षितता, वारंवार बंद पडणे, आणि माउससाठी बांधलेली पाने बोटाने न चालणे. अँड्रॉइडवर त्याच वर्षी २.२ आवृत्तीपासून फ्लॅश आला. पण नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाईलसाठीचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून प्ले स्टोअरवरून तो नव्याने घेणे बंद झाले. मोबाईलच्या क्रोममध्ये तर तो एक दिवसही चालला नाही. संगणकावरच्या फ्लॅशची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली, आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द फ्लॅश प्लेयरच फ्लॅशचा मजकूर चालवायला नकार देऊ लागला. सिल्व्हरलाइटही ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला.

म्हणजे तुमचे पान ज्याची वाट बघते आहे तो प्रोग्राम आज कोणत्याच फोनसाठी कोणीही बनवत नाही. ब्राउझर बदलून, 'डेस्कटॉप साइट'वर खूण करून, फोन रीसेट करून काहीही होणार नाही.

आता ज्या पालकाच्या फोनमध्ये एपीके टाकली आहे त्यांचे काम आजच करा, बाकी सगळे उद्या केले तरी चालेल. 'फ्लॅश प्लेयर' हे नाव घेऊन फिरणाऱ्या एपीके ही बँकेचे पैसे चोरणाऱ्या ॲपची जुनी खोड आहे. अशी ॲप बसताना 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. ती मिळाली की पडद्यावर काय दिसते ते तिला वाचता येते आणि तुमच्या बदल्यात बटणेही दाबता येतात. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली असेल तर ओटीपीही तिच्या हातात जातो. दुकानदाराच्या मनात काही वाईट असेलच असे नाही; त्यानेही ती फाइल कुठून तरी उतरवलेली असते.

काढायचे असे. आधी मोबाईल डाटा आणि वायफाय बंद करा. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन अनोळखी नावासमोरचे बटण बंद करा. मग 'सुरक्षा'मध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' उघडून तिथूनही त्या ॲपची खूण काढा. ही खूण राहिली तर 'अनइन्स्टॉल' दाबले जात नाही. त्यानंतर ॲप काढा. तरी निघत नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरा, पडद्यावर 'पॉवर ऑफ' आले की त्यावर बोट दाबून ठेवा. बहुतेक फोन सेफ मोडमध्ये जायचे का असे विचारतात. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ती काढता येते. मग फोन नेहमीप्रमाणे सुरू करा, प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून 'प्ले प्रोटेक्ट'ची तपासणी चालवा. सेटिंग्जमधल्या 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' या यादीत क्रोम, व्हॉट्सॲप आणि फाइल मॅनेजर यांना दिलेली परवानगी काढून टाका. यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. ॲक्सेसिबिलिटी दिली होती की नाही हे त्या पालकाला आठवत नसेल, तर फोटो काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करणे हाच खरा इलाज.

आता पानाकडे येऊ, कारण खरे काम इथे आहे आणि ते तुमच्या हातात आहे. संगणकावर पान उघडा, उजवे बटण दाबून पानाचा सोर्स बघा आणि त्यात फाइलींची नावे शोधा. शेवटी 'एसडब्ल्यूएफ' असेल तर ते फ्लॅश ॲनिमेशन आहे. 'एफएलव्ही' असेल तर तो फ्लॅशच्या डब्यात भरलेला साधा व्हिडिओ आहे. आणि पत्त्याची सुरुवात 'आरटीएमपी'ने होत असेल तर व्हिडिओची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये नाहीच, ती दुसऱ्या स्ट्रीमिंग सर्व्हरवर होती. तो सर्व्हर बंद झाला असेल तर मूळ फाइल ज्याने पान बनवले त्याच्याकडेच मागावी लागेल. या तीन प्रकारांचे इलाज वेगवेगळे आहेत, म्हणून ही तपासणी आधी.

एफएलव्हीचे काम सर्वांत सोपे. फाइल व्हीएलसी या प्लेयरमध्ये उघडून 'कोडेक माहिती', म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून साठवला आहे ते, बघा. आत एच.२६४ असेल तर चित्राला हात न लावता फक्त डबा बदलून एमपी४ करता येतो; एफएफएमपेग हा व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम वापरणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला 'कॉपी करून रीमक्स कर' एवढेच सांगा, काही सेकंदांचे काम आहे आणि चित्राची प्रत जराही खालावत नाही. आत सोरेन्सन किंवा व्हीपी६ हे जुने कोडेक निघाले तर मात्र नव्याने एन्कोड करावे लागेल, ते खाली सांगतो.

एसडब्ल्यूएफ ॲनिमेशनसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट रफल. हा मुक्त प्रोग्राम फ्लॅशची नक्कल ब्राउझरच्या स्वतःच्या यंत्रणेत करतो, त्यामुळे पालकाला फोनमध्ये काहीच टाकावे लागत नाही. संकेतस्थळाचा ताबा तुमच्याकडे असेल तर रफलचे 'सेल्फ-होस्टेड' पॅकेज उतरवायचे, झिप उघडून फोल्डर सर्व्हरवर चढवायचा आणि पानाच्या वरच्या भागात त्याची एक स्क्रिप्ट ओळ घालायची. जुना चौकोन आपोआप चालू होतो. इथे तीन गोष्टी नडतात. एक, रफलचा मुख्य भाग 'वॅझम' प्रकारच्या फाइलीत असतो, ती सर्व्हरला ओळखता आली पाहिजे. येत नसेल तर होस्टिंगवाल्याला तो माइम प्रकार जोडायला सांगा. दोन, घरच्या संगणकावर फोल्डरमधून पान थेट उघडून चाचणी घेतली तर ते चालत नाही आणि रफल बिघडले असे वाटते. चाचणी सर्व्हरवरूनच घ्या. तीन, मुख्य ॲनिमेशन पुढची छोटी ॲनिमेशने त्याच फोल्डरमधून मागवते, म्हणून फाइली इकडे-तिकडे हलवू नका, अख्खा फोल्डर जसाच्या तसा राहू द्या. ॲक्शनस्क्रिप्ट ही फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा; तिच्या जुन्या १ आणि २ आवृत्त्यांवर बांधलेली ॲनिमेशन रफलवर सहसा छान चालतात. ॲक्शनस्क्रिप्ट ३ वाल्यांचे एकेक उघडून बघावे लागते. २ जीबी रॅमच्या फोनवर ती अडखळतील हेही धरून चाला.

दुसरी वाट म्हणजे ॲनिमेशनचा व्हिडिओ करणे. संगणकावर रफलचा डेस्कटॉप प्रोग्राम घ्या, त्यात एसडब्ल्यूएफ उघडा आणि ओबीएस स्टुडिओने पडदा रेकॉर्ड करा. पर्याय निवडायचे, ओढून जोड्या लावायच्या असे प्रश्न असतील तर त्यातली गंमत व्हिडिओत जाते, हे नुकसान आहेच. पण पचनसंस्था किंवा जलचक्र नुसते दाखवायचे असेल तर मी डोळे झाकून दुसरी वाट सांगेन. व्हिडिओ साध्यातल्या साध्या फोनवर चालतो, पालकाच्या फोनमध्ये साठवता येतो, आणि एकदा साठवला की नेटवर्कची कटकट उरत नाही. खेड्यातल्या शाळेसाठी हा फायदा फार मोठा आहे. वर्गात प्रोजेक्टर असेल तर तिथे मात्र डेस्कटॉप रफलवर मूळ ॲनिमेशनच दाखवा.

एवढा खटाटोप करण्याआधी बालभारतीच्या पुस्तकातला त्या धड्याचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून बघा. तोच विषय तिथे चांगला मांडलेला असेल तर जुने कशाला उकरायचे? दीक्षावरचा बराच मजकूर फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. आणि तुमची ॲनिमेशने एखाद्या प्रकाशकाच्या सीडीतून आलेली असतील तर ती उघड संकेतस्थळावर टाकण्याआधी परवानगी घ्या.

व्हिडिओ कसा बनवायचा ते नीट सांगतो, कारण 'आवाज येतो, चित्र नाही' ही तुमची तिसरी तक्रार बरेचदा इथेच जन्माला येते. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घ्या. प्रीसेट 'फास्ट ४८०पी३०', डबा एमपी४, व्हिडिओ कोडेक एच.२६४. एच.२६५ निवडू नका. त्यात फाइल लहान होते हे खरे, पण जुन्या किंवा स्वस्त फोनांच्या चिपमध्ये त्याचा डिकोडर नसतो. मग फोन ते काम प्रोसेसरवर ढकलतो आणि चित्र धक्के खाते, किंवा चित्र काळे राहून फक्त आवाज येतो. आवाजासाठी एएसी, मोनो, ६४ केबीपीएस. शिक्षकाच्या बोलण्याला तेवढे पुरते. एसी३ आवाज ठेवू नका, कारण काही प्लेयरमध्ये नेमका उलटा प्रकार होतो, चित्र येते आणि आवाज येत नाही. चित्रासाठी सरासरी ५०० केबीपीएस ठेवा. ॲनिमेशनमध्ये सपाट रंग असतात, मागचे चित्र हलत नाही, त्यामुळे एवढ्यात ४८०पी स्वच्छ दिसते. प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रण असेल तर ८०० करा.

फाइल केवढी होईल ते आधीच काढता येते. ५०० आणि ६४ मिळून ५६४ केबीपीएस. आठाने भागले की सेकंदाला साधारण ७० केबी, मिनिटाला सव्वाचार एमबी, दहा मिनिटांच्या धड्याला ४२ एमबी. पालकांच्या ग्रुपवर टाकताना व्हॉट्सॲपमध्ये 'व्हिडिओ' म्हणून नव्हे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर ॲप ती पुन्हा दाबून लहान करते आणि फळ्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. शाळेत पालकसभा असेल त्या दिवशी क्विक शेअरने थेट फोनवरून फोनवर दिली तर कोणाचा डाटाही जात नाही.

हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' नावाची एक छोटी चौकट आहे, तिथे खूण हवीच. एमपी४ फाइलमध्ये कोणते चित्र कुठे आहे याची एक यादी असते, आणि ही खूण नसेल तर ती फाइलच्या शेवटी लिहिली जाते, जणू पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर. फोनला व्हिडिओ सुरू करण्याआधी ती लागते, म्हणून तो शेवटापर्यंत धाव घेतो; सर्व्हरला फाइलचा मधला तुकडा देता येत नसेल तर पूर्ण ४२ एमबी उतरल्याशिवाय पहिले चित्रही दिसत नाही. लोक म्हणतात नेटवर्क खराब आहे, आणि खूण फक्त एका चौकटीत करायची राहिलेली असते.

फाइल तयार झाली की पानातला जुना 'ऑब्जेक्ट' किंवा 'एम्बेड' टॅग काढून त्या जागी साधा 'व्हिडिओ' टॅग घाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ अधिकृत मानक झाले, त्यातलाच हा टॅग, आणि जानेवारी २०१५ पासून यूट्यूबनेही फ्लॅश सोडून हीच पद्धत मुख्य केली. 'प्रीलोड'ला 'मेटाडेटा' एवढेच ठेवा, म्हणजे पान उघडल्याबरोबर पालकाचा डाटा जाणार नाही. 'ऑटोप्ले' घालू नका; मोबाईलचा ब्राउझर आवाजासकट आपोआप सुरू होऊ देत नाहीच. आयफोनवर व्हिडिओ पानातच चालावा म्हणून 'प्लेज इनलाइन' हा शब्द जोडा. पान 'एचटीटीपीएस'वर असेल तर व्हिडिओचा पत्ताही 'एचटीटीपीएस'चाच द्या, नाहीतर ब्राउझर तो अडवू शकतो.

आता संध्याकाळी गोल फिरण्याचे. इथे दोष फोनचा की नेटवर्कचा हे एका नजरेत कळते. व्हिडिओ चालू असताना खालची रेषा बघा. लाल भागाच्या पुढे फिकट राखाडी पट्टी दिसते. तेवढा व्हिडिओ पुढचा उतरून तयार आहे. लाल टोक राखाडी टोकाला जाऊन भिडते आणि मग गोल फिरते, तर नेटवर्क कमी पडते आहे. राखाडी पट्टी चांगली पुढे आहे आणि तरीही चित्र अडकते, तर फोन कमी पडतो आहे. तुमच्या गावातल्या चार-पाच फोनांवर संध्याकाळी एवढे बघितले तरी अर्धा प्रश्न सुटेल.

नेटवर्क कमी पडत असेल तर पहिला संशय रोजच्या पॅकवर घ्या. बहुतेक १.५ जीबीच्या पॅकमध्ये डाटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, बंद होत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपचे मेसेज येत-जात राहतात आणि नेट चालू आहे असे वाटते. या वेगाने सेकंदाला ८ केबी उतरते. तुमचा दहा मिनिटांचा ४२ एमबीचा धडा यायला जवळपास दीड तास लागेल. यूट्यूब स्वतः ३६०पीसाठी ०.७, ४८०पीसाठी १.१, ७२०पीसाठी २.५ आणि १०८०पीसाठी ५ एमबीपीएस वेग सुचवते. १ एमबीपीएस तासभर म्हणजे ४५० एमबी. हा हिशोब लावला तर १.५ जीबी ४८०पीला तीन तास, ७२०पीला सव्वा तासाच्या थोडे वर आणि १०८०पीला चाळीस मिनिटे पुरते. प्रत्यक्षात खर्च यापेक्षा थोडा कमी होतो. पण घरातल्या मुलाने दुपारी मोठ्या क्वालिटीवर दोन सामने बघितले तर संध्याकाळी अभ्यासाला काही उरत नाही हे उघड आहे. यूट्यूब ॲपच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल डाटासाठी 'डाटा सेव्हर' निवडून ठेवा.

डाटा शिल्लक असूनही अडकत असेल तर सिग्नलचा आकडा बघा, दांड्या बघू नका. सेटिंग्ज, 'फोनबद्दल', 'स्थिती', 'सिमची स्थिती' या वाटेने गेले की सिग्नल डीबीएम या मापात दिसतो; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात. ४जीमध्ये उणे ९५च्या आसपास असेल तर ठीक. उणे ११० किंवा त्याखाली गेला तर व्हिडिओ रडतखडत चालेल. उणे १२० म्हणजे कडेलोटच. आपल्याकडे बऱ्याच घरांवर टिन असते आणि टिन रेडिओ लहरी अडवते. आत उणे ११५ आणि घरामागच्या सांदवाडीत उणे ९८ असा फरक दिसला तर नवल नाही. अशा घरात एक फोन पडवीत किंवा खिडकीत सावलीला ठेवा, त्याचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा आणि आत दुसऱ्या फोनवर व्हिडिओ बघा. पैसा लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

सिग्नल चांगला आहे, पहाटे सहाला व्हिडिओ सुसाट चालतो आणि रात्री आठला अडकतो, तर टॉवरवर गर्दी आहे. दूरवर पोचणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) डाटा कमी मावतो, आणि खेड्यात नेमका तोच बँड घरापर्यंत येत असतो. त्यात लाईन गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि बॅटरी उतरली की टॉवरच बंद. यावर फोन बदलून उपाय नाही. पहाटे उतरवून ठेवा आणि संध्याकाळी बघा. यूट्यूब ॲपमध्ये ज्या व्हिडिओखाली डाउनलोडचे बटण चालते ते वापरा, दीक्षातले धडे उतरवून ठेवा, आणि तुमचे स्वतःचे एमपी४ तर आहेतच. काही नवे फोन कमजोर ५जीला धरून बसतात. तसे दिसले तर पसंतीचे नेटवर्क ४जी करून बघा. ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची) फायबर चालू असेल तर शाळेचे सगळे डाउनलोड तिथून करता येतात का ते विचारा.

चित्राविना आवाजाचे कारण तुमच्या फाइलीत नसेल, दुसऱ्या साइटवरही तेच होत असेल, तर प्ले स्टोअरमधून क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' दोन्ही अपडेट करा. वेबव्ह्यू म्हणजे इतर ॲप्सच्या आत पान दाखवणारा ब्राउझर. तो जुना राहिला तर क्रोममध्ये चालणारा व्हिडिओ ॲपमध्ये चालत नाही. उतरवलेली फाइल असेल तर व्हीएलसीच्या सेटिंग्जमध्ये 'हार्डवेअर ॲक्सेलरेशन' बंद करून बघा. त्याने चित्र आले तर फोनच्या चिपला तो कोडेक झेपत नाही असे समजा. पैसे भरून बघायच्या ॲप्समध्ये चित्र फक्त धूसर दिसत असेल तर तो बिघाड नसतो. फोनला वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या कुलपाची एल१ ही वरची पातळी नसेल, फक्त एल३ असेल, तर अशी बरीच ॲप्स मुद्दामच कमी दर्जाचे चित्र देतात.

उन्हाळ्याचेही सांगून ठेवतो, कारण नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तापला की फोन स्वतःच प्रोसेसर हळू करतो, प्रकाश कमी करतो, चार्जिंग थांबवतो, आणि राखाडी पट्टी पुढे असूनही चित्र अडकते. दुपारी टिनाखाली चार्जिंगला लावून व्हिडिओ बघू नका, कव्हर काढा. थंड करायला फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरते.

राहिला नवा फोन. अँड्रॉइड ७.१.१च्या आधीचा फोन असेल तर अनेक साइट 'जोडणी खाजगी नाही' म्हणून अडतील, कारण साइटना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र त्या फोनांत नाही. आधी तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा, चुकीच्या तारखेनेही हीच सूचना येते. तारीख बरोबर असूनही येत असेल तर त्या फोनवर पैसे घालवू नका. अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनांसाठी क्रोमची १३८ ही शेवटची आवृत्ती. १३९ पासून अँड्रॉइड १० लागते. असे फोन आज व्हिडिओ दाखवतील, धडे बघायला खुशाल वापरा, पण त्यावर बँकेचे काम ठेवू नये. अँड्रॉइड १० किंवा वरचा, ३-४ जीबी रॅमचा, साठवणीत दोन-तीन जीबी मोकळी असलेला फोन असेल तर बदलायचे कारण नाही.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी दुकानात एक गोष्ट विचारावी: हा फोन कोणते बँड धरतो? बीएसएनएलची स्वदेशी ४जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झाली. ती ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर आणि २१०० मेगाहर्ट्झच्या बँड १ वर चालते, आणि बऱ्याच जुन्या फोनांना बँड २८ येत नाही. जंगलाच्या कडेच्या गावात त्या सिमवर घर चालत असेल तर बँड २८ नसलेला महागडा फोनही तिथे उपयोगाचा नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याकडे नवा फोन असेल तर आपले सिम संध्याकाळी आठला आपल्याच घरात, त्याच्या फोनमध्ये घालून बघा, आणि डीबीएमचा आकडा नि राखाडी पट्टी दोन्ही तपासा. तिथेही लाल टोक राखाडीला भिडत असेल तर आधी सिम बदला, फोन नंतर.